गोकुळ शिरगावच्या शेडमधले १४६ लॉट

हे प्रकरण २०२५ च्या उन्हाळ्यातलं आहे. जुन्या यंत्रांची दलाली करणाऱ्या एका गृहस्थांनी लिलावदार म्हणून केलेली ही पहिली विक्री. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत.

पार्श्वभूमी

उघड्या बोलीचं कोल्हापूरला नवल नाही. शाहू मार्केट यार्डात हंगामात गुळाचे सौदे बोलीवरच होतात. पण कारखाना बंद पडला की आतली यंत्रं उघड्या बोलीवर जाताना क्वचितच दिसतात. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित, कोणतीही औद्योगिक वसाहत बघा. मालक थकलेला असतो, मुलं पुण्यात किंवा परदेशात असतात आणि जागेला गिऱ्हाईक मिळालेलं असतं. मग एखादा भंगार व्यापारी येतो, शेडमधून दोन चकरा मारतो आणि उक्ता आकडा सांगतो. चालू स्थितीतला लेथ आणि गंजलेला पत्रा त्या एकाच आकड्यात जातात.

आपले लिलावदार ४१ वर्षांचे, मेकॅनिकल डिप्लोमा झालेले. उद्यमनगरात १४ वर्षं दलाली केलेली, घेणाऱ्याकडून २ टक्के हा नेहमीचा दर. उक्त्या सौद्यात घेतलेली यंत्रं महिन्याभरात दीडपट-दुप्पट भावानं परत विकली जाताना त्यांनी अनेकदा पाहिली होती. मधला फरक मूळ मालकाला मिळावा आणि त्यातून आपलं कमिशन सुटावं, एवढा साधा त्यांचा विचार.

पहिलं काम चालून आलं ते गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं. ८,००० चौरस फुटांची शेड, २६ वर्षं चाललेली, भागीदारी फर्म. चालवणारे मालक ६७ वर्षांचे, दुसऱ्या भागीदार त्यांच्या वहिनी. प्लॉटचा व्यवहार वेगळा ठरला होता आणि ३१ मेपर्यंत शेड रिकामी करून द्यायची होती. तारीख पुढे ढकलण्यात अर्थ नव्हता. जूनमध्ये पाऊस लागला की उघड्यावरचं बीड (ओतीव लोखंड) आणि यंत्रं उचलणं अवघड होतं, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडल्याचं सगळ्यांच्या लक्षात होतं.

माल असा: ५०० किलोची इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी), पॅनेल आणि दोन क्रुसिबलसह, आर्पा जातीची, साचे करायची चार मोल्डिंग मशीन (मॉडेल ३०० ची दोन, ४५० ची दोन), वाळूचा मिक्सर, शॉट ब्लास्ट, कोअर शूटर, स्क्रू कॉम्प्रेसर, तीन लेथ, एक रेडियल ड्रिल, होइस्ट, ग्राइंडर, हत्यारं, सुमारे ६०० मोल्डिंग बॉक्स (साच्याची वाळू भरायच्या चौकटी), रनर-रायझर (ओतल्यावर कास्टिंगला चिकटून उरणारा जादा धातू) आणि बाद कास्टिंग मिळून १८ टन बिडाचं भंगार, आणि १४० पॅटर्न (वाळूत साचा पाडायचे नमुने).

अडचण

मालकांच्या हातात ४१ लाखांचा उक्ता देकार होता. घेणारा सगळं २० दिवसांत उचलणार होता. लिलावातून याहून जास्त मिळतील असं आपले लिलावदार म्हणत होते, पण लिलावाचा अनुभव त्यांनाही नव्हता. वर तीन गाठी होत्या. फर्मच्या कॅश क्रेडिटपोटी यंत्रं आणि साठा बँकेकडे नजरगहाण (ताबा न देता तारण) होता आणि ११ लाख येणं बाकी होतं. पॅटर्नपैकी कोणते फर्मचे आणि कोणते गिऱ्हाईक कंपन्यांचे याची यादी कुठेही नव्हती. आणि भंगार घेणारे चार-पाच मोठे व्यापारी एकमेकांचे रोजचे ओळखीचे होते.

समोरचे मार्ग

पहिला मार्ग सरळ होता. उक्ता सौदा करून द्यायचा, ८२,००० दलाली घ्यायची, आठवड्यात मोकळं व्हायचं.

दुसरा मार्ग हमीचा. मालकांना ४१ लाखांची हमी द्यायची आणि वरचे पैसे आपले. ऐकायला गोड वाटतो. पण भाव पडला तर घर विकून भरपाई करावी लागते. शिवाय लिलावदार स्वतःच मालाचा धनी झाला की बोली लावणाऱ्यांचा त्याच्यावर विश्वास राहत नाही. नव्या माणसानं हमीला हात लावू नये, असं आमचंही मत आहे.

तिसरा, बंद पाकिटातले दर मागवणं. मोठ्या एकसंध मालाला हे चालतं. १४६ लॉटना (बोलीसाठी पाडलेल्या मालाच्या वाट्यांना) चालत नाही, कारण एका लेथसाठी पाकीट भरून देणारा छोटा कारखानदार येतच नाही.

चौथा, ऑनलाइन लिलाव. दूरचं गिऱ्हाईक मिळतं, रिंग करणं (घेणाऱ्यांनी आपसात ठरवून भाव दाबणं) थोडं अवघड जातं. पण लेथचा बेड हात फिरवून आणि हेडस्टॉकचा आवाज ऐकून घेणाऱ्याला फोटो पुरत नाही. त्यांनी हा मार्ग सोडला. फर्नेससारख्या दोन-तीन लॉटपुरता तो ठेवायला हवा होता, असं नंतर वाटलं.

ठरलं ते जागेवर, लॉट पाडून, उघड्या बोलीनं. मोबदला विक्रीच्या ५ टक्के, खर्च प्रत्यक्ष होईल तो पण १,२०,००० च्या वर नाही, आणि ७५,००० आगाऊ. घेणाऱ्याकडून वेगळं कमिशन घ्यायचं नाही असा निर्णय झाला. तो बरोबर होता. इथला घेणारा ते मनात वजा करूनच बोली लावतो, आणि वर 'लपवून घेतलं' असा बोल लागतो.

कागदाची बाजू

लिलावदाराच्या धंद्यासाठी असा एक वेगळा सर्वसाधारण परवाना नाही, म्हणून अनेकजण कागदाकडे दुर्लक्ष करतात. इथे दुकाने अधिनियम, २०१७ खाली सूचना दिली (१० पेक्षा कमी माणसं असली की तेव्हा नोंदणी नव्हे, सूचना पुरत होती), उद्यम नोंदणी केली, जीएसटी क्रमांक घेतला आणि दोन चालू खाती उघडली. एक स्वतःचं, दुसरं फक्त अनामत रकमेसाठी. लोकांची अनामत आणि आपले पैसे एका खात्यात आले की तिसऱ्या आठवड्यात हिशेब हरवतो.

बिल कुणाच्या नावानं फाडायचं, हा खरा प्रश्न होता. जीएसटी कायद्यातल्या एजंटच्या व्याख्येत लिलावदार येतो. त्यानं स्वतःच्या नावानं मालाचं बिल दिलं, तर मालकाकडून त्याच्याकडे माल आला हाही पुरवठा धरला जातो आणि पूर्ण किमतीवरचा कर त्याच्या पुस्तकातून फिरतो. ४ सप्टेंबर २०१८ च्या ५७ क्रमांकाच्या परिपत्रकानं हीच कसोटी दिली आहे. म्हणून बिलं फर्मच्या नावानं, आणि लिलावदारानं फक्त आपल्या कमिशनवर १८ टक्के कर लावायचा, असं ठरलं.

करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर झाला. सह्या दोन्ही भागीदारांच्या घेतल्या. वहिनींची सही 'नंतर घेऊ' म्हणून मालक टाळत होते, लिलावदारांनी ती घेतल्याशिवाय जाहिरात दिली नाही. बँकेनं ना हरकत दाखला दिला, पण सगळी रक्कम थेट कर्जखात्यात जमा करण्याच्या अटीवर. त्यामुळे विक्रीचा पैसा लिलावदाराच्या हातात येणारच नव्हता. जोखीम कमी झाली, पण आपलं कमिशन त्यातून वळतं करून घेण्याची सोयही गेली. ७५,००० आगाऊ मागितले होते ते यासाठीच.

मालकांना ३० एप्रिललाच जीएसटी नोंदणी रद्द करायची होती. शेवटचं बिल आणि शेवटचं विवरण होईपर्यंत ती चालू ठेवावी लागते, हे सीएंनी त्यांना बसवून समजावलं.

सीएंनी आणखी एक हिशेब आधी करून ठेवला. ज्या यंत्राच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट घेतली आहे ते विकताना दोन रकमांतली मोठी भरावी लागते: विक्रीच्या किमतीवरचा कर, किंवा घेतलेल्या वजावटीतून दर तिमाहीला (किंवा तिच्या भागाला) ५ टक्के कमी करून उरलेली रक्कम. कॉम्प्रेसर मार्च २०२२ मध्ये ६ लाखांना घेतलेला, वजावट १,०८,०००. तेरावी तिमाही चालू होती, म्हणजे ६५ टक्के गेले आणि ३७,८०० उरले. तो पुढे १,९५,००० ला गेला, त्यावर १८ टक्क्यांनी ३५,१००. घेणाऱ्याकडून ३५,१०० आले, वरचे २,७०० फर्मनं भरले. रक्कम छोटी आहे. पण वर्षाच्या आतलं यंत्र असतं तर याच नियमानं मालकाचा नफा खाल्ला असता. अलीकडे घेतलेल्या यंत्रांची राखीव किंमत म्हणूनच हा आकडा पाहून ठरवायची.

यादी आणि लॉट

यादीला तीन आठवडे लागले. पहिल्या यादीत २१२ लॉट होते. एवढे एका दिवसात होत नाहीत, म्हणून किरकोळ माल एकत्र करून १४६ वर आणले. कागदी स्टिकर लावले ते वाळूच्या धुळीनं आणि पत्र्याच्या उष्णतेनं चौथ्या दिवशी गळून पडले. मग पत्र्याचे बिल्ले तारेनं बांधले आणि शिवाय रंगानं नंबर टाकला. प्रत्येक लॉटचे तीन फोटो: पूर्ण यंत्र, नावपट्टी, आणि जिथं दोष आहे ती जागा. दोषाचा फोटो टाकला की घेणारा कमी बोलेल, ही भीती खोटी ठरली. उलट बाकी माहितीवर त्याचा भरवसा बसतो.

मोल्डिंग बॉक्सचे लॉट पाडताना एक गोष्ट बरोबर झाली. वरचा आणि खालचा बॉक्स पिन-बुशनं जुळलेला असतो. जोडी फुटली की ते नुसतं लोखंड उरतं. मोल्डरांना दोन दिवस कामावर घेऊन जोड्या लावल्या, मापानुसार थप्प्या केल्या.

पॅटर्नचं मात्र चुकलं. लिलावदारांनी मांडणीच्या फळीप्रमाणे १८ लॉट पाडले आणि यादी छापली. माल पाहण्याच्या दिवशी जुने मोल्डिंग मिस्त्री सहज आले होते. फळीसमोर उभे राहून म्हणाले, "दादा, ह्ये पार्टीचं हाय. आमचं ते खालच्या फळीवरचं तेवढं." १४० पैकी ९० पॅटर्न गिऱ्हाईक कंपन्यांचे निघाले. ॲल्युमिनियमच्या पॅटर्नवर मालमत्ता क्रमांक कोरलेले होते, धुळीखाली कुणी बघितले नव्हते. जे मालकाचं नाही ते विकलं तर घेणाऱ्यालाही त्याची मालकी मिळत नाही, हा वस्तुविक्री कायद्याचा पाया आहे. त्यामुळे बाधित लॉट त्याच रात्री मागे घेतले, कंपन्यांना पत्रं गेली, उरलेले ५० पुन्हा लावले.

पण या गडबडीत एक गोष्ट निसटली. त्याच कंपन्यांचे ११ कोअर बॉक्स (कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे करायचे साचे) मोल्डिंग बॉक्सच्या थप्पीमागे ठेवलेले होते. ते एका भंगाराच्या लॉटमध्ये गेले.

वीज

चालू यंत्र यंत्राच्या भावानं जातं, बंद यंत्र किलोवर. म्हणून विक्रीपर्यंत वीज हवी होती. उच्चदाब जोडणीचा मागणी आकार मात्र वापर नसतानाही महिन्याला पावणेदोन लाखांच्या घरात येत होता आणि मालकांनी मार्चअखेर जोडणी सोडायचा अर्ज दिला होता.

तडजोड अशी निघाली. मार्चमधल्या शेवटच्या हीटचं (धातू वितळवून ओतण्याच्या एका फेरीचं) पूर्ण चित्रण केलं. रिकाम्या भट्टीपासून ओतेपर्यंतचा वेळ, पॅनेलवरचे किलोवॅट, सुरुवातीचं आणि शेवटचं मीटर रीडिंग, पाण्याचं तापमान, सगळं एका सलग चित्रफितीत. फर्नेस घेणारा टनाला किती युनिट लागतात हेच विचारतो, आणि त्याचं उत्तर त्या रीडिंगमध्ये होतं. नंतर जोडणी सोडली. पाहणीचे दोन दिवस आणि विक्रीचा दिवस, असं तीन दिवस ६२.५ केव्हीएचा जनरेटर भाड्यानं आणला, डिझेलसह २८,०००. त्यावर कॉम्प्रेसर, लेथ, मोल्डिंग मशीन, मिक्सर फिरवून दाखवले. या सगळ्या विक्रीत सर्वांत फळलेला खर्च हाच.

रिंग

पाहणीच्या दिवशी चार भंगार व्यापारी एकत्र आले, एकत्र फिरले. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या: भंगाराचे तीन लॉट एक करता येतील का, आणि आणखी कुणी अनामत भरली आहे. या दोन प्रश्नांवरून रिंग ओळखावी. आत एकजण बोलतो, बाकीचे गप्प राहतात, बाहेर गेल्यावर आपसात दुसरी बोली होते आणि फरक वाटून घेतात.

मालकांनाही हे दिसलं. ते म्हणाले, "आपला एक माणूस उभा करूया की गर्दीत. भाव चढवंल." लिलावदारांनी नकार दिला. "मालक, तसं केलं तर घेणारा उद्या सौदा मोडू शकतोय. राखीव किंमत लिहून ठेवू, ती पुरे." १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम ६४ हेच सांगतं. विकणाऱ्यानं स्वतः बोली लावण्याचा हक्क आधी जाहीर राखून ठेवला नसेल तर त्याला बोली लावता येत नाही, आणि भाव फुगवायला खोटी बोली लावली तर घेणाऱ्याच्या मर्जीनुसार विक्री रद्द होऊ शकते. राखीव किंमत ठेवायला मात्र पूर्ण मोकळीक आहे. प्रत्येक लॉट हा स्वतंत्र करार असतो आणि हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, हेही त्याच कलमात आहे. अटींच्या पत्रकात या चारही गोष्टी मराठीत छापल्या.

रिंग फोडायचा उपाय वेगळाच निघाला. रनर-रायझर आणि बाद कास्टिंग म्हणजे दुसऱ्या फौंड्रीचा कच्चा मालच. भंगार व्यापारी तो घेऊन तिथेच विकतात. म्हणून लिलावदारांनी शिरोली आणि बेळगावच्या सात फौंड्रींना स्वतः फोन केले, गोशिमा आणि स्मॅक या उद्योजक संघटनांमधल्या ओळखीच्यांकडे पत्रकं दिली, आणि भंगाराचा लॉट उक्ता न ठेवता किलोवर ठेवला. वजन बाहेरच्या वजनकाट्यावर, रिकामी गाडी आधी, भरलेली नंतर, दोन्ही पावत्या दोघांच्या सहीच्या. चिकटलेल्या वाळूसाठी घट मिळणार नाही, हेही आधीच लिहिलं. बोली ३१ रुपयांना उघडली. व्यापारी ३३ वर थांबले. दोन फौंड्री एकमेकांवर चढत गेल्या आणि ३७.५० ला हातोडा पडला.

विक्रीचा दिवस

एप्रिलचा शेवटचा आठवडा, सकाळी १० ची वेळ. ६३ जणांनी बोलीसाठी नंबराच्या पाट्या घेतल्या. मोठ्या लॉटसाठी अनामत २५,०००, किरकोळसाठी ५,०००. रोखीचा व्यवहार नाही असं फलकावर लिहिलं होतं. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेण्याला आयकर कायद्यात बंदी आहे, आणि लिलावात ती रेषा नकळत ओलांडली जाते.

प्रत्येक लॉटला एक चिठ्ठी, तीन प्रतींत. जिंकलेली पाटी आणि भाव, दुसऱ्या क्रमांकाची पाटी आणि तिचा भाव, जिंकणाऱ्याची जागेवर सही. दुसऱ्या क्रमांकाची नोंद पुढे उपयोगी पडली. ९ लॉटचे पैसे मुदतीत आले नाहीत. अनामत जप्त झाली आणि माल दुसऱ्या बोलीवाल्याला देता आला.

वेगाचा अंदाज मात्र पार चुकला. तासाला ४० लॉट धरले होते, झाले २८. लोक लॉटपासून लॉटकडे चालत होते, गोंगाटात पाटीचा नंबर दोनदा विचारावा लागत होता. साडेतीनला संपायची विक्री सव्वातीनला शंभरीच्या आसपास होती. पाच वाजता शेवटचा हातोडा पडला.

त्याहून मोठी चूक क्रमाची. सकाळी किरकोळ माल लावून गर्दी तापवली, ते ठीक. १२ वाजता फर्नेस लावली, १४,२०,००० ला गेली. मोल्डिंग मशीनही लगेच गेली. आणि जेवणाला सुटल्यावर फौंड्रीवाल्यांपैकी बहुतेकजण निघून गेले. भंगारासाठी बोलावलेल्या दोन फौंड्री तेवढ्या थांबल्या, त्यांना बॉक्सची मापं जुळत नव्हती. मोल्डिंग बॉक्स ९६ नंतरच्या लॉटमध्ये होते. ते घेणारा फौंड्रीवालाच, दुसरा नाही. समोर उरले भंगार व्यापारी. ६०० बॉक्स, २१ टन, ३४ रुपये किलोनं गेले. पाहणीच्या दिवशी एका फौंड्रीनं ४८ चा भाव खासगीत विचारला होता. १४ रुपयांच्या फरकानं जवळजवळ ३ लाख गेले, तेही जोड्या लावायला दोन दिवस मजुरी घातलेल्या मालावर.

माल उचलणं

किमतीचे २५ टक्के त्याच संध्याकाळी, बाकी तीन कामाच्या दिवसांत, पूर्ण पैसे आल्यावरच गेटपास, १० दिवसांत उचल. अटी चांगल्या होत्या. अडलं ते बिलांवर. फर्मकडे एकच वयस्कर कारकून. ३८ घेणाऱ्यांची बिलं, बेळगावच्यांना आयजीएसटी, इतरांना राज्यातला कर, ई-वे बिल राज्यात १ लाखाच्या वर आणि राज्याबाहेर ५०,००० च्या वर. पैसे भरलेले लोक ट्रक घेऊन दीड दिवस गेटवर उभे होते.

भंगाराच्या ६,७५,००० च्या बिलात १३,५०० कमी आले तेव्हा मालक संतापले. घेणाऱ्याची चूक नव्हती. १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगाराची नोंदणीकृत घेणाऱ्यानं नोंदणीकृत विक्रेत्याकडून खरेदी केली आणि करार २.५ लाखांच्या वर गेला, की २ टक्के जीएसटी टीडीएस कापावा लागतो. ती रक्कम विक्रेत्याला आपल्या जीएसटी खात्यात मिळते. हे अटींच्या पत्रकात एका ओळीत असतं तर भांडण झालं नसतं.

फर्नेस बाहेरच्या एका यंत्र व्यापाऱ्यानं घेतली होती. तिसऱ्या दिवशी त्यानं तांब्याच्या कॉइल, पाण्याच्या केबल आणि पॅनेल नेलं. रॅमिंग मासचं अस्तर, फुटलेल्या विटा, पायाचे बोल्ट तिथंच. अनामत आधीच किमतीत वळती केलेली, त्यामुळे त्याला रोखायला हातात काही नव्हतं. चार टन राडारोडा उचलायला २२,००० गेले. सुरक्षेची एक गोष्ट मात्र कडक पाळली, आणि ती सगळ्यांनी पाळावी: पॅनेल उघडण्याआधी कपॅसिटर बँक अर्थ रॉडनं डिस्चार्ज करून घेतली. वीज तोडून महिना झाला म्हणून कपॅसिटरला हात लावणं जिवावर बेतू शकतं. सिलिकाचं अस्तर फोडतानाही पाणी मारून आणि मास्क लावूनच माणसं घातली.

कोअर बॉक्सचं प्रकरण आठव्या दिवशी उघडकीस आलं. तोपर्यंत गॅस कटरनं त्यांचे तुकडे झाले होते. कंपनीनं नव्या बॉक्सचा खर्च मागितला आणि ८६,००० वर मिटलं. करारात मालकीची जबाबदारी फर्मवर होती, पण लॉट लिलावदारांनी पाडले होते. दोघांनी ४३,००० प्रमाणे भरले. कायद्यानं लिलावदार कदाचित सुटले असते. त्यांनी भांडण टाळलं, आणि पुढची दोन कामं याच मालकांच्या शब्दावर मिळाली.

हिशेब

करापूर्वी एकूण विक्री ५८,००,०००. कमिशन २,९०,०००. खर्च १,६४,००० झाला, पैकी १,२०,००० फर्मकडून, ४४,००० लिलावदाराच्या खिशातून. त्यात कोअर बॉक्सचे ४३,००० आणि राडारोड्याचे २२,००० धरले, तर हातात १,८१,००० राहिले, दहा आठवड्यांच्या कामाचे. उक्त्या सौद्यात आठवड्यात ८२,००० मिळाले असते. मालकांना सगळं वजा जाता सुमारे ५३,४४,००० मिळाले, उक्त्या देकारापेक्षा १२ लाखांहून जास्त. शेड २४ मेला रिकामी झाली आणि बँकेचं खातं विक्रीनंतर पाचव्या दिवशी बंद झालं.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम घेणाऱ्यावरून लावायचा. एकाच जातीच्या घेणाऱ्याला लागणारा माल सलग, आणि त्यातला सर्वांत ओढीचा लॉट शेवटी. बॉक्स आणि मोल्डिंग मशीन आधी, फर्नेस त्यानंतर. भंगार व्यापारी कसाही शेवटपर्यंत थांबतो, त्याचा माल दुपारी ठेवला तरी चालतो.

अनामत किमतीत वळती करायची नाही. जागा झाडून दिल्यावर, गेटवर सही झाल्यावर परत. फर्नेससारख्या लॉटला ती किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत हवी. १४,२०,००० वर ७१,००० अडकलेले असते तर व्यापाऱ्यानं २२,००० चा राडारोडा स्वतःच उचलला असता.

खर्चाची मर्यादा घालणं नव्या माणसाला टाळता येत नाही. पण ती ठरवण्याआधी जनरेटर, मजुरी, जाहिरात, मांडव, ध्वनिक्षेपक, पहारा यांचे दर हातात हवेत. इथे रात्रीचा पहारा धरलाच नव्हता, आणि तांबं असलेल्या शेडला यादी छापल्या दिवसापासून पहारा लागतो.

बिलं करणाऱ्याला दोन दिवसांसाठी बाहेरून आणायचं. घेणाऱ्यांचे जीएसटी क्रमांक आणि पत्ते पाटी देतानाच घेतले, तर बिलाचा निम्मा भाग विक्रीआधीच तयार असतो.

सहकारी बँकांची कामं मिळवण्याचा विचार लिलावदारांनी तूर्त बाजूला ठेवला आहे. मुरगूडच्या सहकारी बँकेशी संबंधित खटल्यात ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सरफेसी कायदा (थकीत कर्जापोटी बँकेनं तारण ताब्यात घेऊन विकण्याचा) सहकारी बँकांनाही लागू असल्याचं सांगितलं, तेव्हापासून जिल्ह्यात अशा विक्रीला वाव आहे. पण तिथं जंगम मालाच्या विक्रीआधी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस, प्राधिकृत अधिकाऱ्याचं नियंत्रण आणि कधीही येऊ शकणारी स्थगिती असते. मंद गतीनं पैसे येणारं ते काम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं.

दुसरी विक्री नोव्हेंबरमध्ये शिरोलीत झाली. त्या यादीत पॅटर्न आणि कोअर बॉक्सना लॉट नंबर देण्याआधी दोन जुने मिस्त्री तीन दिवस बसवले होते. ज्यावर दोघांचं एकमत झालं नाही ते सगळं कुलपात गेलं, आणि कंपन्यांची लेखी उत्तरं येईपर्यंत ते कुलूप उघडलं नाही.